निर्मात्याच्या घराचे कागद

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यामागे उभा असलेला दिग्दर्शक येतो. देशातला चित्रपटाचा सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो, गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचे नाव आहे. पण ज्या भूमिकेने त्यांचे आयुष्य घडवले आणि शेवटी पोखरून काढले, ती निर्मात्याची भूमिका आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. स्वतःच्या हिमतीवर पैसा उभा करणारा, चित्रपट पडला तर स्वतः बुडणारा आणि चालला तर आलेला पैसा पुढच्या चित्रपटात घालणारा, आज ज्याला आपण स्वतंत्र निर्माता म्हणतो तसा माणूस म्हणजे फाळके. त्यांचे चरित्र कलावंताची कहाणी म्हणून बाजूला ठेवून एका निर्मात्याची खतावणी म्हणून वाचले, तर महाराष्ट्राच्या आजच्या चित्रपटविषयक धोरणात नेमके कुठे चुकते आहे ते कळते, असे माझे मत आहे. आपले शासन मराठी चित्रपटाला पैसा देते. परंतु तो चित्रपट पुरा झाल्यावर देते. निर्मात्याचा जीव टांगणीला लागलेला असतो तो त्याच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत, आणि तेवढ्या काळात त्याच्या पाठीशी त्याच्या घराच्या कागदांखेरीज दुसरे काहीही नसते.

फाळके यांची खतावणी विम्याच्या पॉलिसीपासून सुरू होते. १९१०–११ च्या सुमारास त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. छपाईच्या धंद्यातून ते भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडले होते, पदरात संसार होता आणि नियमित मिळकत नव्हती. इंग्लंडला जाण्यासाठी त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटाचे तंत्र पाहून आले, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची खरेदी त्यांनी केली. यंत्रसामग्री घरी आली, तरी चित्रपट काढायला लागणारे भांडवल मात्र हाताशी नव्हते. सावकाराला पटवायचे कसे, या प्रश्नावर फाळके यांनी काढलेला तोडगा आजच्या कोणत्याही निर्मात्याला ओळखीचा वाटेल. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो, वाढतो आणि त्याचे रोप होते, हे त्यांनी दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रित केले आणि ती छोटी फिल्म दाखवून कर्ज मिळवले. आज निर्माते लॅपटॉपवर दोन मिनिटांचा नमुना दाखवत फायनान्सरच्या कचेऱ्या पालथ्या घालतात; त्या परंपरेचे मूळ या वाटाण्याच्या रोपात आहे. त्या कर्जानेही भागले नाही, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंविषयी इथे थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण स्वतंत्र निर्मितीचा खर्च कोण सोसते या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वाट्याला आलेल्या कामात आहे. फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवणे आणि त्याशिवाय सगळ्या चमूचा दोन वेळचा स्वयंपाक करणे, ही कामे त्यांनी केली. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रयोगशाळा, प्रकाशयोजना, खानपान आणि भांडवल ही चार खाती त्या एकट्या सांभाळत होत्या, आणि यांपैकी एकाही खात्याचे बिल कधी लागले नाही. दादरच्या राहत्या घरात आणि आवारात तयार झालेला सुमारे ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याला १५ हजार रुपये खर्च आला असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या आकड्यात सरस्वतीबाईंचे श्रम धरलेले नाहीत. स्वतंत्र चित्रपट ‘कमी खर्चात’ झाला असे आपण जेव्हा कौतुकाने म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो खर्च कुणाच्या तरी घरात मुरलेला असतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

त्यानंतरची तीस वर्षे याच खतावणीची उलटसुलट पाने आहेत. पहिले तीन चित्रपट चालले, म्हणून फाळके १९१४ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले. तिथे राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले आणि परतले, तोवर महायुद्ध पेटले होते आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. यशस्वी निर्माता दोन चित्रपटांच्या मधल्या काळात पुन्हा शून्यावर येतो, कारण त्याचे भांडवल साठत नाही, ते फक्त फिरत राहते. १९१७ च्या ‘लंका दहन’ने एवढी कमाई केली की उत्पन्नाची नाणी पोलीस पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. १९१८ मध्ये पाच धनिक भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आता तरी स्वास्थ्य लाभेल असे वाटले असेल. पण भागीदारांना काटकसर आणि वेग हवा होता, फाळके यांना चित्रपटात तडजोड नको होती, आणि स्वतः उभ्या केलेल्या धंद्यातून राजीनामा देऊन ते काशीला निघून गेले. १९२२ मध्ये ते परतले, तेव्हा मालकीची जागा पगाराने घेतली होती. बोलपटांच्या काळात त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला, तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. त्यानंतर चित्रपट व्यवसायातील मंडळींनी निधी जमवला आणि त्यातून नाशिकला त्यांच्यासाठी लहानसे घर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. उतारवयात फाळके यांनी मागितलेला परवाना नाकारला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले.

ही कहाणी त्याग आणि ध्येयवेडाची म्हणून शाळेच्या पुस्तकांत सांगितली जाते, आणि तिथेच मला धोका दिसतो. ध्येयवेडाचे कौतुक करता करता आपण असे मानू लागलो आहोत की चित्रपट काढणाऱ्याने घरदार पणाला लावणे हीच त्याच्या निष्ठेची खूण आहे. असे मानणारा समाज मग घर नसलेल्या माणसाला आपोआप चित्रपटाबाहेर ठेवतो. फाळके यांच्याकडे गहाण टाकायला विमा होता, विकायला दागिने होते, राहत्या जागेत स्टुडिओ थाटण्याइतकी ऐसपैस जागा होती. ज्या मुलाच्या बापाकडे सातबाऱ्यावर नाव नाही, जिच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, ती माणसे चित्रपटाचे दिग्दर्शन कदाचित करतील, कारण कुणीतरी त्यांना बोलावू शकते. निर्मिती मात्र करू शकणार नाहीत. आणि कोणत्या गोष्टी पडद्यावर येणार, हे दिग्दर्शकाच्या कितीतरी आधी निर्माता ठरवत असतो.

आजच्या मराठी स्वतंत्र निर्मात्याचा प्रवास कसा असतो ते थोडक्यात पाहू. तो एक संहिता निवडतो, लेखकाला काही रक्कम देऊन ती बांधून घेतो, दिग्दर्शक आणि मुख्य कलाकार यांच्या तारखा जुळवतो. यात सहा महिने सहज जातात. मग चित्रीकरणाचे पंचवीस-तीस दिवस येतात, त्या दिवसांत रोज सकाळी जेवण, गाड्या, जनरेटर, दिवे, कॅमेऱ्याचे भाडे आणि रोजंदारीचे कामगार यांचे पैसे रोख लागतात. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत आणि रंगसंस्करण यांत आणखी सहा महिने. नंतर सेन्सॉर, वितरकाचा शोध, जाहिरात आणि प्रदर्शनाची तारीख, जी मोठ्या हिंदी चित्रपटाच्या धाकाने दोनदा तरी पुढे ढकलली जाते. पहिला रुपया गेल्यापासून पहिला रुपया परत येईपर्यंत दीड वर्ष हा आशावादी अंदाज आहे.

आता हिशेब मांडू. समजा, एका निर्मात्याने खासगी फायनान्सरकडून १ कोटी रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. सरळव्याजाने महिन्याचे २ लाख होतात, अठरा महिन्यांचे ३६ लाख. महाराष्ट्र शासनाच्या अर्थसाहाय्य योजनेत तयार झालेला चित्रपट समिती पाहते, त्याला गुण देते आणि ‘अ’ दर्जा मिळाल्यास ४० लाख, ‘ब’ दर्जा मिळाल्यास ३० लाख रुपये देते. म्हणजे उत्तम ठरलेल्या चित्रपटाचे जवळजवळ सगळे अनुदान व्याजात जाते, आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला तर व्याजही पुरते भागवता येत नाही. जनतेच्या तिजोरीतला पैसा मराठी चित्रपटासाठी निघतो आणि सावकाराच्या घरी पोहोचतो. हीच रक्कम चित्रीकरणाआधी, टप्प्याटप्प्याने मिळाली असती, तर तेवढे कर्ज मुळात काढावेच लागले नसते. शासनाच्या खर्चात एका रुपयाचीही वाढ न करता निर्मात्याचा भार हलका होऊ शकतो, हे या हिशेबाचे सार आहे.

तिकिटाच्या बाजूनेही पाहू. दीडशे रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केल्यास सुमारे १२७ रुपये उरतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संप होऊन जो तोडगा निघाला, त्यात निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा उतरता ठरला होता. पहिल्या आठवड्याचा सर्वांत चांगला दर धरला तरी सुमारे साडेत्रेसष्ट रुपये येतात. वितरकाचे कमिशन शेकडा १० धरले, तर निर्मात्याच्या हाती ५७ रुपये पडतात. १ कोटी परत मिळवायला पावणेदोन लाख माणसांनी तिकीट काढायला हवे, आणि तेही पहिल्याच आठवड्यात, कारण पुढे वाटा घटत जातो. तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चढणाऱ्या चित्रपटाला ही रचना मुळातच प्रतिकूल आहे. मराठीतले कित्येक चांगले चित्रपट तसेच असतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांची चर्चा सुरू होते आणि तोवर ते उतरवलेले असतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आधी पैसा दिला तर तो बुडेल. चित्रपट अर्धवट राहतील, कागदावरचे निर्माते पुढे येतील. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट वित्त महामंडळ स्थापन केले, ते नेमके याच हेतूने. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ त्याच कर्जातून १९६९ मध्ये आला आणि नव्या हिंदी चित्रपटाची वाट मोकळी झाली. परंतु पुढे संसदीय समितीने या महामंडळावर ताशेरे ओढले, कारण दिलेल्या कर्जाची वसुली होत नव्हती आणि कित्येक चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नव्हते. या अनुभवातून काय शिकायचे याबद्दल माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. त्या योजनेचा दोष आधी पैसा देण्यात नव्हता. चित्रपट तयार झाल्यावर तो दाखवायला पडदा कुठे आहे, याचा विचार तिने केला नव्हता. निर्मितीला पैसा आणि प्रदर्शनाला वाऱ्यावर सोडणे, अशी अर्धी योजना कुठल्याही व्यवसायात बुडतेच. शेतकऱ्याला बियाणे देऊन बाजार समितीचे दरवाजे बंद ठेवल्यासारखे ते आहे.

याउलट उदाहरण बंगालचे आहे. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी आपला विमा गहाण टाकला, पत्नीचे दागिने तारण ठेवले आणि तरीही पैसे संपून चित्रीकरण महिनोन् महिने ठप्प झाले. फाळके यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या भाषेत, विमा आणि बायकोचे दागिने ही जोडी जशीच्या तशी पुन्हा येते. फरक पडला तो इथून पुढे. पश्चिम बंगाल सरकारने मधल्या टप्प्यावर हप्त्याहप्त्याने पैसा दिला, हक्क स्वतःकडे घेतले, आणि त्या चित्रपटाने सरकारी तिजोरीला दिल्यापेक्षा जास्त परत केले. तो पैसा रस्तेबांधणीच्या सदरातून दिला गेला, कारण चित्रपटासाठी सदरच नव्हते. सरकारकडे तेव्हा ना योजना होती ना समिती, तरी वेळेवर पडलेल्या हप्त्यांनी काम झाले.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण ‘कोर्ट’चे. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्याजवळ संहिता लिहायला वेळ होता, पण उपजीविकेचे साधन नव्हते. अभिनेते विवेक गोम्बर यांनी लेखनाच्या काळात त्यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली आणि पुढे निर्माता म्हणून आपला पैसा घातला. त्या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन सन्मान मिळाले, नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवडही झाली. एवढ्या सगळ्याच्या मुळाशी काय होते, तर लेखकाच्या घरात एक वर्ष चूल पेटती राहील एवढी साधी तजवीज. हे काम एका मित्राने केले, याबद्दल आपण त्याचे आभार मानले पाहिजेत. पण मित्राच्या खिशावर अवलंबून राहणे हे धोरण होऊ शकत नाही. अशा मित्रांशिवाय अडून राहिलेल्या संहिता किती असतील, हे कधीच मोजता येणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. संहिता पाहून सरकारने पैसा द्यायचा ठरवला, तर सरकारला न आवडणाऱ्या विषयाला पैसा मिळेल का? तयार चित्रपटाला गुण देणाऱ्या समितीपेक्षा संहितेवर शिक्का मारणारी समिती जास्त घातक ठरू शकते, कारण तिने नाकारलेला चित्रपट कुणाला दिसतच नाही. म्हणून मला वाटते की पूर्व-साहाय्याचा मोठा भाग निवडीवर सोडूच नये. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेतला जातो, तो चित्रपटाच्याच निधीत जातो आणि निर्मात्याच्या मागच्या चित्रपटाला जेवढे प्रेक्षक लाभले त्या प्रमाणात त्याच्या नावे रक्कम जमा होते. ती त्याला पुढच्या चित्रपटातच घालता येते. त्यात कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. महाराष्ट्राने मराठी चित्रपटाच्या तिकिटावरील राज्याच्या जीएसटीच्या वाट्याइतकी रक्कम अशा रीतीने निर्मात्याच्या खात्यात जमा केली, तर दोन चित्रपटांच्या मधल्या काळात शून्यावर येण्याचा तो जुना शाप तरी टळेल. नवागतांसाठी मात्र निवड लागेलच. तिथे समितीची नावे आधी जाहीर व्हावीत, मुदत ठरलेली असावी, आणि नकाराची कारणे लेखी द्यावीत. केरळने स्त्री दिग्दर्शकांच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांना प्रत्येकी दीड कोटीपर्यंत पैसा निर्मितीआधी देण्याची योजना चालवली आहे. तिच्याविषयीही तक्रारी आहेत. तरीही ती योजना ज्यांच्या घरात गहाण टाकायला काही नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करते, आणि तेवढ्यासाठी मी तिला आपल्या गुणपत्रिकेच्या योजनेपेक्षा वरचढ मानतो.

आता पडद्याचा प्रश्न. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या चित्रपटगृहातून हिंदी चित्रपटासाठी काढून टाकण्यात येत होता. बाळासाहेब ठाकरे यांच्या मध्यस्थीने तो तिथे लागला आणि तुफान चालला. ही घटना मराठी माणसाच्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती निर्मात्याच्या असहायतेची वाटते, कारण ज्याच्या पाठीशी असा नेता नाही त्याचा चित्रपट त्या दिवशी उतरला असता, आणि आजही उतरतो. २०१५ मध्ये शासनाने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला लावण्याचा आदेश दिला, तेव्हा आशा वाटली होती. परंतु प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. मंगळवारी दुपारी बाराचा खेळ नोकरदार माणसाने कसा पाहायचा? मी स्वतः एका मराठी चित्रपटाच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढून गेलो, तेव्हा प्रेक्षक कमी म्हणून खेळ रद्द झाल्याचे दारात कळले. आम्ही सातजण होतो. सातजणांसाठी वातानुकूलन चालवणे चालकाला परवडत नाही हे मला समजते. पण त्या सातजणांपैकी प्रत्येकाने घरी जाऊन काय सांगितले असेल, तेही निर्मात्याच्याच खात्यावर पडते.

त्यात भर डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्काची, ज्याला व्यवसायात व्हीपीएफ म्हणतात. फिल्मच्या प्रिंट बंद झाल्या तेव्हा निर्मात्यांची प्रिंटच्या खर्चातून सुटका झाली, त्या बदल्यात डिजिटल प्रोजेक्टरचा खर्च फेडण्यासाठी प्रत्येक पडद्यामागे हे शुल्क त्यांच्यावर आले. यंत्राची किंमत वसूल होईपर्यंत ते घेणे रास्त होते. अमेरिकेत स्टुडिओंनी ते ठरावीक मुदतीपुरते भरले. आपल्याकडे वर्षे लोटली तरी निर्माता ते भरतोच आहे, आणि शंभर पडद्यांवर चित्रपट लावणाऱ्या लहान निर्मात्याच्या अंगावर एकही तिकीट विकले जाण्याआधी लाखोंचा बोजा पडतो. या शुल्काला मुदत घालणे हे शासनाच्या आवाक्यातले काम आहे. निदान अनुदानपात्र मराठी चित्रपटांपुरते ते माफ व्हावे, यासाठी परवान्यांच्या अटींत तरतूद करण्यापासून सुरुवात करता येईल.

पडद्यांच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ एक अशी संपत्ती आहे जी फार थोड्या राज्यांजवळ असेल. आपल्या महापालिका आणि नगरपालिका यांची नाट्यगृहे गावोगावी उभी आहेत, आणि आठवड्यातले कित्येक दिवस ती रिकामी असतात. नाटकाच्या तारखांना हात न लावता, सोमवार ते गुरुवार या मोकळ्या दिवसांत तिथे मराठी चित्रपटाचे खेळ ठेवले, एक बऱ्यापैकी प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा बसवली, तिकीट शंभराच्या आत ठेवले, तर निर्मात्याला पहिल्या आठवड्याच्या जुगाराबाहेरचा एक संथ, भरवशाचा बाजार मिळेल. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची चित्रगृहे आहेत. आपल्याला ती नव्याने बांधायचीही गरज नाही. शिवाय आपल्याकडे फिल्म सोसायट्यांची जुनी परंपरा आहे, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आहे. अशा संस्थांच्या हाती या खेळांची निवड आणि प्रसिद्धी दिली, तर सरकारी कार्यक्रमाची मरगळ त्याला येणार नाही.

निर्मात्यांची बाजू मांडताना त्यांच्या चुकांवर पांघरूण घालण्याची माझी इच्छा नाही. केवळ अनुदानाच्या हिशेबाने बांधलेले चित्रपट निघतात, हे या व्यवसायातला प्रत्येकजण जाणतो. प्रेक्षकाचा विचार न करता, एका चित्रगृहात नावापुरता एक खेळ लावून प्रदर्शनाची अट पुरी केली जाते. त्याहून वाईट म्हणजे तंत्रज्ञांचे आणि कामगारांचे पैसे थकवले जातात. चित्रपट पडला की शेवटचा हप्ता बुडाला असे धरून चालणारे स्पॉटबॉय आणि सहायक मी पाहिले आहेत. निर्मात्याची जोखीम निम्म्याने समाजाने उचलायची, तर ती जोखीम खालच्या माणसांवर ढकलण्याची मुभा निर्मात्याला राहता कामा नये. म्हणून पूर्व-साहाय्याची रक्कम निर्मात्याच्या चालू खात्यात न जाता वेगळ्या खात्यात जावी, तिचे चार हप्ते करावेत: संहिता आणि अंदाजपत्रक मान्य झाल्यावर, चित्रीकरण सुरू होताना, चित्रीकरण संपल्यावर आणि सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाल्यावर. तिसरा हप्ता सोडण्याआधी रोजंदारीवरच्या प्रत्येक माणसाची सही असलेला पगारपत्रक दाखवणे बंधनकारक असावे. चित्रपट चालला, तर खर्च वसूल झाल्यानंतरच्या नफ्यातून ठरलेला हिस्सा निधीत परत यावा, म्हणजे पुढच्या निर्मात्याला तो मिळेल. तो चालला नाही, तर निर्मात्याने आपले श्रम आणि आपला हिस्सा गमावला एवढे पुरे आहे. त्याच्या दारात जप्तीची नोटीस लागण्याचे कारण नाही.

यातले काहीही नवे नाही. १९२७–२८ मध्ये रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय चित्रपट समितीपुढे फाळके यांनी स्वतः साक्ष दिली होती. त्या समितीने इतर गोष्टींबरोबर निर्मात्यांना सरकारी कर्ज मिळावे आणि कच्च्या फिल्मवरची जकात उठावी अशा शिफारशी केल्या, आणि ब्रिटिश सरकारने त्या बासनात बांधून ठेवल्या. स. का. पाटील यांच्या समितीने १९५१ मध्ये पुन्हा वित्त महामंडळाची गरज मांडली, त्यावर अंमल व्हायला नऊ वर्षे गेली. दरवर्षी मराठी चित्रपट परदेशी महोत्सवांच्या बाजारांत नेण्यासाठी शासन खर्च करते, गोव्यातल्या फिल्म बाजारातही आपले निर्माते २००७ पासून संहिता आणि अर्धवट चित्रपट घेऊन सहनिर्माते शोधत फिरतात. तिथे भेटणारा परदेशी निर्माता पहिला प्रश्न विचारतो तो असा: तुमच्या राज्याने या चित्रपटात किती रक्कम घातली आहे? मराठी निर्मात्याजवळ त्या क्षणी दाखवायला मंजुरीचे एखादे पत्र असेल, तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो, आणि ते पत्र देण्याइतकी तरतूद सध्याच्या अंदाजपत्रकात, सध्याच्याच योजनेच्या रकमेत आहे.